भुरीचा नवस

दुसरबीड
१७ नोव्हेंबर १९६१

प्रिय उत्तमदादा,

तुझ्या कोकिळाचा नमस्कार. मी सुखरूप पोचली. भाऊबीजेले चार दिवस राहाले म्हणून आली अन दुसऱ्याच दिवशी पिशवी उचलून निघाली, पण काऊन निघाली ते तू विचारलं नाई. म्हणून लिहून राह्यली. कार्ड नाई लिहिलं. कार्ड तुमच्या गुलाबरावाच्या दुकानात उतरते अन तुझ्या हाती यायच्या आधी आख्ख्या धामणगावाले पाठ होते.

दादा, तुझं लेकरू कुत्री सांभाळून राह्यली. मी माझ्या डोळ्यानं पाह्यलं. शालिग्राम पाळण्यात अन भुरी पाळण्याखाली. मी म्हटलं, असन बाप्पा, घरचंच जनावर आहे. मंग तो रडला. वहिनी तिकडं पाठ करून डाळ निवडत बसेल होती. लेकरू रडून रडून लाल झालं, पण ही मान वळवत नाई. मी हातातलं पीठ झटकून उठेपर्यंत भुरी गेली, वहिनीचा पदर तोंडात धरला अन ओढला. तवा ही उठली! त्याले पाजलं, अन भुरीले भाकरीचा तुकडा टाकला. जशी मोलकरणीले मजुरी.

दिवसभरात असंच चाललं. कुत्रीनं बलावलं तं जाते, लेकरानं बलावलं तं जात नाई. संध्याकाळी भुरी त्याचे पाय चाटून राह्यली होती अन वहिनी हसत होती. अरे, देवाचं नाव ठेवलं अन कुत्रीच्या तोंडाशी दिलं! उद्या ती पिसाळली तं? बेंबीत चौदा सुया घेईन का तुझं पाच महिन्यांचं लेकरू?

अन वहिनीचा ताठा किती वाढला! मी दोनदा हाक मारली तं वळूनही नाई पाह्यलं. बोलते तं इतक्या मोठ्यानं, जशी शेतातून बोलून राह्यली. अन आपली माय! मायले तिच्याशी बोलाचं असलं की सगळं अंगण वळसा घालून तिच्या तोंडासमोर जाऊन उभी राह्यते अन मंग बोलते. जशी साहेबापुढं अर्जी द्याले गेली. बुलढाण्याच्या कारकुनाची पोरगी केली म्हणून मायनं असं वागाचं का?

तू काही बोलत काऊन नाई? पत्राचं उत्तर देजो.

तुझी बहीण
कोकिळा


धामणगाव बढे
२६ नोव्हेंबर १९६१

कोकिळे,

पत्र भेटलं. कापूस वेचणीवर आला, बाया भेटत नाईत, म्हणून उशीर. तू उगाच मनाले लावून घेतलं. भुरी पाळण्यापाशी राह्यते, तो खंडोबाचा नवस आहे. शकुंतला बाळंतपणात तापानं लय आजारी झाली होती, तवा बोललो होतो. कुत्रं म्हणजे खंडोबाचं. लेकरू चालाले लागेपर्यंत त्याच्यापाशी ठेवाचं, असं आहे. हे कोणापाशी बोलाचं नसते, म्हणून तुले नाई सांगितलं. भुरी गरीब आहे. दाजींना रामराम.

उत्तम


धामणगाव बढे
२९ नोव्हेंबर १९६१

ती. कोकिळाताई यांना
शकुंतलाचा सादर नमस्कार.

तुम्ही भाऊबीजेला आलात आणि लगेच गेलात. जाताना माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाहीत, तेव्हापासून मनाला चैन नाही. माझं काही चुकलं असेल तर पदरात घ्या. तुम्ही शिवून आणलेली कुंची शालिग्रामला अगदी बरोबर बसते. लाल रंग त्याला शोभतो. थंडी पडली आहे, त्यामुळे रोज घालते.

भुरीला पाहून तुम्हाला राग आला, असं मला वाटलं. ताई, हा झोपेत फार दचकतो. भुरी जवळ असली की शांत झोपतो. माझ्या माहेरीसुद्धा लहान मुलांजवळ कुत्रं ठेवायची पद्धत आहे, म्हणून मला त्यात वावगं वाटलं नाही. मी रोज तिला न्हाणीजवळ धुते. तुम्ही निश्चिंत असा.

मी हाकेला ओ दिली नाही असं कधी झालं असेल, तर ते मुद्दाम नव्हतं. माझं मन कामात फार गुंतलेलं असतं.

तुमची
शकुंतला


दुसरबीड
९ डिसेंबर १९६१

दादा,

माझं डोकं फिराची वेळ आली. तू म्हणतो खंडोबाचा नवस. तीन दिवसांनी वहिनीचं पत्र आलं, त्यात खंडोबाचं नावही नाई. ती म्हणते लेकरू दचकते, अन माहेरची पद्धत आहे. एका घरात, एका पाळण्याखाली, एकच कुत्री बसते, अन तिचे कारण दोन!

बरं, खंडोबा आपल्या घरात कधी आला? आपली कुळदेवी माहूरची रेणुका. बाबा असताना पाच वर्षांनी माहूरले जात होतो. खंडोबाचं तं आपण जागरणही कधी घातलं नाई. अन वहिनीच्या माहेरची पद्धत म्हणशील तं तुझ्या लग्नात मी त्या घरात तीन दिवस राह्यली. त्यांच्याकडं मांजरही नव्हती. तिची आई चिमणी घरात आली तरी टॉवेल घेऊन मागं लागत होती.

मले खरं सांग, वहिनीचं डोकं ठीक आहे ना? परवा इथच्या बाजारात आपल्या गावची अन्नपूर्णाबाई भेटली. ती म्हणे, तुमची वहिनी विहिरीवर बायांत बसते पण कोणाच्या बोलण्यात नसते, आपल्याच तंद्रीत हसते. म्हणे कोणी काही केलं असन. मी तिले झापलं, पण घरी येऊन मले जेवण गेलं नाई. बाळंतपणात बाईच्या डोक्यावर परिणाम होते असं आमच्या सासूबाईही म्हणतात. तसं असलं तं लपवू नको. लपवून लेकराचं वाटोळं होईन.

मायले विचार अन तिच्या मनातलं मले लिहून पाठव. तिचंच पाठव, तुझं नको.

कोकिळा


मु. धामणगाव बढे
२२ डिसेंबर १९६१

चि. सौ. कोकिळाबाई हीस,
आई गीताबाई हिचे अनेक आशीर्वाद. लिहिणार गुलाबराव, दुकान वेशीजवळ.

पत्र लिहिण्यास कारण की, तुझी चिंता समजली. आमच्या घरी सर्व ठीक आहे. सून ठीक आहे, नातू ठीक आहे, कुत्री ठीक आहे. नवस खंडोबाचाच आहे आणि तो मीच बोलले आहे. रविवारी कुत्रीस भंडारा लावतो. चंपाषष्ठीस भरीत-भाकरीचा नैवेद्य केला. तो अगोदर कुत्रीस, नंतर घरच्यांस. सुनेबद्दल कोणी काही बोलल्यास ऐकून घेऊ नये. तू आपल्या घरी सुखानं राहावे. सध्या येऊ नये, उन्हाळा लागल्यावर यावे. मळ्यात हरभरा बरा आहे. आणखी काही नाही.

गीताबाई, निशाणी अंगठा

ता. क. – हे माझे, गुलाबरावाचे लिहिणे. तुमच्या आईनं अंगठा देऊन पाठ फिरवली म्हणून लिहितो. गावात या नवसाची फार चर्चा आहे. दोन बाया आपापली पोरं भुरीच्या पायाशी ठेवून गेल्या. एकीचं पोरगं तिनं हुंगलं, दुसरीच्या पोरावर शिंकली. तर शिंकण्याचा अर्थ काय घ्यावा, यावर दुकानात दोन पक्ष पडले आहेत. आपण त्या घरच्या लेकी, आपणास ठाऊक असल्यास कळवावे.


दुसरबीड
५ जानेवारी १९६२

वहिनी,

मी आता दादाले नाई लिहीत, मायलेही नाई. तुमालेच लिहून राह्यली. दादा म्हणतो नवस त्यानं बोलला, माय म्हणते तिनं बोलला, तुमी म्हणता नवसच नाई. मायनं मले आजवर 'येऊ नको' कधी म्हटलं नव्हतं. आता म्हटलं. माझंच माहेर मले समजेनासं झालं.

म्हणून मी ठरवलं. संक्रांतीले येते अन शालिग्रामले सोबत नेते. दुसरबीडले गाय आहे, दूध आहे, उन्हाळ्यापर्यंत राहू द्या. तुमची तब्येत सुधरली की आणून देईन. आमच्या घरी विचारलं. हे हो म्हणाले, सासूबाईनं तं पाळणा माळ्यावरून काढून धुवून ठेवला. तो पाळणा सहा वर्षांपासून माळ्यावरच होता, तुमाले माहीत आहे. देव ज्याले देते त्याले त्याची किंमत नसते, अन ज्याले असते त्याले देत नाई. हे माझं बोलणं लागलं तं लागू द्या.

त्याचे कपडे धुवून ठेवजा.

कोकिळा


धामणगाव बढे
११ जानेवारी १९६२

ताई,

हे पत्र तुम्ही निघायच्या आधी पोचावं म्हणून मोताळ्याच्या टपालात टाकायला आजच तिकडे जाणाऱ्या माणसाच्या हाती देते आहे. पोचलं नाही तर काय होईल, हे मनात आणवत नाही.

मला ऐकू येत नाही.

माहेरी शालिग्राम झाला, त्यानंतर तिसऱ्या दिवशी मला ताप चढला. फार दिवस होता. सुया दिल्या, ताप उतरला. एक दिवस जागी झाले तर आई समोर बोलत होती आणि तिचे नुसते ओठ हलत होते. मला वाटलं आई माझी थट्टा करते आहे. तापानं कान गेले की सुयांनी, ते डॉक्टरांनाही सांगता आलं नाही. तुमच्या भावानं मला अकोल्यालाही नेलं. तिथं पाटीवर लिहून दिलं, परत येणार नाहीत.

आईनं शपथ घातली, मूल चालायला लागेपर्यंत सासरी बोलू नको. मलाही तेच वाटलं. बहिरी म्हटलं की माणसं आधी बोलायचं सोडतात. मग म्हणतात, हिला मूल कशाला द्यायचं सांभाळायला? तुमचं पत्र आलं तेव्हा मला आश्चर्य नाही वाटलं. मी याच पत्राची वाट पाहत होते, फक्त ते कोणाकडून येईल ते ठाऊक नव्हतं.

पोळ्यानंतर इथं आले तेव्हा मी त्याच्या पायाला दोरी बांधून माझ्या मनगटाला गुंडाळत असे. तो रडताना पाय झाडेल आणि मला कळेल म्हणून. पण कधी कधी तो पाय न झाडताच रडे. एकदा वळून पाहिलं तर घसा सुकून गेला होता त्याचा. त्या दिवशी भुरी माझ्याभोवती वेड्यासारखी फिरत होती आणि मी तिला हाकलत होते. नंतर लक्षात आलं, ती मला बोलवत होती. मग आम्ही दोघांनी तिला भाकरीच्या तुकड्यावर शिकवलं. चार दिवसांत शिकली. आता मी दोरी बांधत नाही.

नवसाची गोष्ट तुमच्या भावाची. ते मला ती सांगायची विसरले, म्हणून मी तुम्हाला दुसरंच लिहिलं. सासूबाईंनी ती खरी मानली आहे आणि बिचाऱ्या भुरीला हळद लावतात. त्यांना फसवते, याचं मला फार वाईट वाटतं.

ताई, माझ्याशी भांडा, पण त्याला नेऊ नका. मी त्याला ऐकू शकत नाही, तेवढंच. बाकी सगळं करते.

शकुंतला


दुसरबीड
२४ जानेवारी १९६२

वहिनी,

तुमचं पत्र मी काल वाचलं. मी घरून निघाल्यावर ते आलं, अन यांनी देवाच्या तसबिरीमागं ठेवून दिलं अन विसरले. म्हणून संक्रांतीले मी आली ती काही माहीत नसतानाच आली. अन मी काही न बोलता परत काऊन गेली, त्याचा तुमाले उलगडा झाला नसन. तो सांगते.

मी त्याले कडेवर घेतलं, कपडे पिशवीत भरले. तुमी दारात उभ्या होत्या. मी जे बोलली ते तुमाले ऐकू नाई आलं, हे एक बरं झालं. भुरी माझ्यावर गुरगुरत होती. तवा माय म्हणाली, "कोकिळे, हरभरा पाहाले चाल." मी म्हटलं, "हे काय हरभरा पाहाची वेळ आहे?" ती म्हणाली, "लेकरू घे अन चाल."

विहिरीच्या थारोळ्यावर बसून मायनं मले विचारलं, "तुले काय वाटते, तुही वहिनी येडी आहे?" मी म्हटलं, "मंग काय आहे?" ती म्हणाली, "बहिरी आहे."

हो वहिनी. मायले माहीत आहे. दसऱ्याच्या आधीपासून. तुमी चुलीपाशी होत्या, तुमच्या मागं दूध उतू जात होतं, मायनं ओरडून सांगितलं, तुमी हलल्या नाई. तिले राग आला. मंग तिले काही सुचलं अन तिनं पितळी तांब्या मुद्दाम तुमच्या मागं फरशीवर आपटला. भुरी दचकली, लेकरू दचकून रडाले लागलं. तुमी तांदूळ धूत राह्यल्या. माय म्हणे, "मंग मी गोठ्यात जाऊन रडली. म्हटलं, एवढी मोठी गोष्ट ही एकटीच गिळून बसली अन मी तिले ताठा आहे म्हणत होती."

मी विचारलं, "मंग तिले म्हटलं काऊन नाई?" तं म्हणे, "मले भेते म्हणून सांगत नाई. मी आपण होऊन म्हटलं तं तिले वाटन मी चोरी पकडली. तिच्या तोंडानं सांगू दे. मी थांबीन." म्हणून ती तुमच्यासमोर येऊन बोलते. अन दादानं मले नवस लिहिला हे समजलं, तवा तिनंच गावभर नवस करून टाकला. पत्र गुलाबरावाच्या हातचं, त्यात खरं सांगणार कसं? म्हणून मले येऊ नको म्हटलं, अन त्याच्यावर मी चिडून आली.

मले तिथं विहिरीवर काहीच सुचलं नाई. खरंच सांगते. लेकरू माझ्या मांडीवर हरभऱ्याचे घाटे तोंडात घालत होतं अन मी माझ्या मायकडं पाहत होती. दादा मायपासून लपवते, तुमी मायपासून लपवता, माय तुमच्यापासून लपवते, अन सगळे मिळून कुत्रीले हळद लावतात! मले हसू येत होतं अन रडूही. मंग मी येऊन त्याले तुमच्या मांडीवर दिलं अन निघाली. मायनं शपथ घातली होती, म्हणून बोलली नाई. पण आता तुमीच मले लिहिलं, तं शपथ माझ्यापुरती सुटली.

तुमी मायले सांगा. ती वाट पाहून राह्यली.

पाळणा मी परत माळ्यावर ठेवला.

कोकिळा


धामणगाव बढे
१६ फेब्रुवारी १९६२

ताई,

सांगितलं.

तुमचं पत्र आल्यावरही तीन आठवडे धीर झाला नाही. काल सासूबाई ओसरीवर वाती वळत होत्या. मी समोर जाऊन बसले आणि सांगून टाकलं. मी किती मोठ्यानं बोलले कोण जाणे, कारण रस्त्यावरचा माणूस थांबून पाहू लागला. त्यांनी त्याला हातानं पिटाळलं. मग त्या माझ्याकडे पाहून काहीतरी बोलल्या. मला ओठ कळेनात. पुन्हा बोलल्या. मला वाटलं, एवढं एक वाक्य आयुष्यभर लक्षात ठेवायचं आहे, ते चुकू नये. तिसऱ्यांदा त्यांनी माझी हनुवटी धरून तोंड आपल्याकडे वळवलं आणि एकेक अक्षर तोडून सांगितलं. तेव्हा कळलं. त्या म्हणत होत्या, "आधी चहा टाक."

चहा झाल्यावर आम्ही दोघी रडलो. तुमचे भाऊ आले, आम्हाला तसं पाहून घाबरले आणि नवसाबद्दल काहीतरी सांगू लागले. सासूबाईंनी त्यांच्या पाठीत धपाटा घातला.

आता त्या मला ओठ वाचायला शिकवतात. भाजीचं नाव घेतात, मी ओळखायचं. मेथी आणि भेंडी यांत अजून चुकते. पण विहिरीवर कोणी काही विचारलं तर आता मी स्वतःच सांगते. गुलाबराव मात्र म्हणतो, नवस तो नवस. अजून कोणी ना कोणी भुरीला भाकरी आणून देतं. ती जाड झाली आहे.

ताई, एक मागणं आहे. हसू नका. शालिग्रामचा आवाज कसा आहे? जन्मल्यावर दोन दिवस ऐकला होता, तेव्हा सगळी मुलं सारखीच रडतात. तुमच्या भावाला विचारलं. त्यांनी पुष्कळ विचार करून पाटीवर लिहिलं, 'चांगला आहे.' सासूबाईंना लिहिता येत नाही. तुम्हाला येतं, आणि तुम्ही जे पाहता ते सगळं लिहिता, ते मी अनुभवलं आहे.

तुमची
शकुंतला


दुसरबीड
२९ मार्च १९६२

प्रिय वहिनी,

तुमचं पत्र आलं तवाच लिहिणार होती, पण लिहाले बसली अन ध्यानात आलं, मी त्याचा आवाज ऐकलाच नाई. संक्रांतीले माझ्याच आवाजात मी होती. म्हणून शिमग्याले आली. तुमी म्हणाल्या, एवढ्या उन्हात काहाले आल्या. त्याच्यासाठीच आली होती. तुमच्यासमोर बसून हातवाऱ्यानं हे सांगता आलं नसतं, म्हणून घरी येऊन लिहून राह्यली.

तो उठल्या उठल्या रडत नाई. आधी कुरकुर करते, नव्या चपलेवानी. कोणी आलं नाई तं मंग रडते, अन ते रडणं बारीक नाई. आपल्या बाबांचा आवाज आहे तो, भरडा. बाबा मळ्यातून हाळी देत तं नाल्यापलीकडले बैल मान वर करीत. मी मायले म्हटलं, हा बाबांवर गेला. माय म्हणे, "मले कधीच समजलं होतं, तू आता ऐकून राह्यली."

हसते तवा मात्र आवाज गळ्यातून नाई, पोटातून येते. हंड्यातून पाणी ओततानी बुडुक बुडुक होते तसा. भुरी शिंकली की हमखास हसते. 'मामामा' म्हणते, पण तुमाले वाटन तुमालेच, तं तसं नाई. ज्वारीच्या पोत्यालेही म्हणते, गुलाबरावालेही म्हटलं. खोटं काहाले लिहू?

अजून एक आहे. लिहू का नको, याच्यात दोन दिवस गेले. तुमी त्याले झोपवतानी गाता. तुमाले ऐकू येत नाई तरी गाता, ते मले माहीत नव्हतं. दुपारी मी आडवी झाली होती अन तुमचं अंगाई म्हणणं ऐकलं. सूर जाग्यावर नाई राह्यला आता. वर चढतो तिथंच राह्यतो, खाली येत नाई. मी कूस बदलली. मंग तुमी उठून कामाले गेल्या. तो झोपला नव्हता. पाळण्यात पडल्या पडल्या आपल्याशीच गुणगुणत होता. मी उठून पाळण्यापाशी जाऊन उभी राह्यली. वहिनी, तोच सूर. तसाच वर चढते, अन तिथंच राह्यते. मायनं गायलं तं तो नुसता पाहत राह्यते. मी म्हणून पाह्यलं, तं त्यानं रडाले सुरुवात केली. तुमचा सूर गावात दुसऱ्या कोणाले लागत नाई, त्याले बरोबर लागते.

तवा गाणं बंद करू नका.

तुमची नणंद
कोकिळा